गोऱ्या पलटणींचा खर्च आणि 'नको' म्हणायचा हक्क

खडकीकर

ब्रिटिश पार्लमेंटने १८६१ साली एक समिती नेमली. अध्यक्ष आर्थर मिल्स. वसाहतींमध्ये ठेवलेल्या फौजेवर ब्रिटिश करदात्याचा किती पैसा जातो आणि तो का जावा, हे तिने तपासायचं होतं. पुढच्याच वर्षी कॉमन्स सभेने ठराव केला, की ज्या वसाहतींना स्वतःचा कारभार मिळालाय त्यांनी अंतर्गत शांततेची मुख्य जबाबदारी स्वतः उचलावी आणि बाहेरच्या शत्रूविरुद्धही हातभार लावावा. मग कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या वसाहती, न्यूझीलंड सगळीकडे तोच सूर लागला: पलटणी हव्यात तर पैसे मोजा, नाहीतर आम्ही त्या परत नेतो. १८७१ संपेपर्यंत कॅनडातल्या हॅलिफॅक्ससारखा नाविक तळ वगळता बहुतेक ठिकाणच्या पलटणी परत गेल्याही होत्या.

नेमक्या त्याच दशकात हिंदुस्थानात मात्र १८५७ च्या आधीपेक्षा जास्त गोऱ्या पलटणी ठेवल्या जात होत्या. १८५७ नंतर नेमलेल्या पील आयोगाने ८० हजार गोरे सैनिक ठेवायला सांगितले. बंगालात एका गोऱ्यामागे दोन देशी शिपाई, मुंबई-मद्रासेत तीन. त्याहून जास्त देशी नकोत, कारण भरवसा उरला नव्हता. म्हणजे आपल्यावर लक्ष ठेवायला आलेल्या माणसांचा पगार आपणच द्यायचा.

व्यवस्था अशी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या गोऱ्या पलटणी १८५९ ते ६१ दरम्यान राणीच्या फौजेत विलीन केल्या (त्यावरून त्या गोऱ्या सोजिरांनीच दंगा केला, दहा हजारांवर लोक नोकरी सोडून घरी गेले, ती वेगळी कथा). त्यानंतर इथे येणारा प्रत्येक गोरा सैनिक ब्रिटिश लष्कराकडून यायचा. त्याची भरती आणि शिक्षण विलायतेत व्हायचं, आणि त्याबद्दल लंडनचं युद्धखातं हिंदुस्थानच्या तिजोरीकडून माणशी १० पौंड वसूल करायचं. पगार, बराकी, घोडे, औषधपाणी आणि पेन्शनचा वाटा हे सगळं त्याशिवाय. १८६७ पासून पोर्ट्समथ ते मुंबई अशा फेऱ्या मारणारी खास पाच सैनिकी जहाजं होती, त्यांचाही भार आपल्यावर.

बरं, १८७० मध्ये कार्डवेल या युद्धमंत्र्याने सैनिकांच्या नोकरीची मुदत कमी केली. सहा वर्षं पलटणीत, मग घरी राखीव दलात. राखीव दल ब्रिटनच्या कामाचं. इकडे मात्र माणसं भराभर बदलायला लागली, दर खेपेला नव्या माणसाच्या शिक्षणाचे आणि प्रवासाचे पैसे. हिंदुस्थान सरकार, म्हणजे कलकत्त्यात बसलेले इंग्रजच, याविरुद्ध लंडनला खलित्यांवर खलिते पाठवत राहिलं. हा वाद नुसता 'ते विरुद्ध आपण' असा नाही, मला त्यातलं हेच जास्त रोचक वाटतं. व्हाइसरॉय भांडतोय, इंडिया ऑफिस (लंडनमधलं हिंदुस्थानचं खातं) कुरकुरतंय, ट्रेझरी (ब्रिटनचं अर्थखातं) ऐकत नाहीये आणि ज्याच्या खिशातून पैसा जातोय तो रयत खोलीबाहेर.

आणखी जुना दाखला हवा असेल तर १७८८ बघा. फ्रान्सशी युद्धाची भीती म्हणून सरकारने राजाच्या चार पलटणी इकडे पाठवायच्या ठरवल्या, खर्च कंपनीच्या माथी. कंपनीचे डायरेक्टर म्हणाले, आम्ही मागितल्या नव्हत्या, देणार नाही. पंतप्रधान धाकट्या पिटला खास कायदा करून घ्यावा लागला, की बोर्ड ऑफ कंट्रोलला (कंपनीवर देखरेख करणारं सरकारी मंडळ) कंपनीच्या महसुलातून हा खर्च करायला लावायचा अधिकार आहेच. वसाहतीच्या वतीने 'नको' म्हणणारा एक खमक्या दुकानदार तरी तेव्हा होता. १८५८ नंतर तोही गेला.

माझं म्हणणं थोडक्यात असं: रक्कम जास्त होती की कमी हा दुय्यम मुद्दा आहे. 'तुमची पलटण परत न्या' असं म्हणायची सोय कोणाला होती आणि कोणाला नव्हती, यावरून सगळं ठरलं. बोला.

तळेगावचा_तात्या

सोपं करून सांगतो. सोसायटीचा वॉचमन बिल्डरने नेमला. पगार सभासदांनी द्यायचा. आणि बिल्डरला गरज पडली की तो वॉचमन त्याच्या दुसऱ्या साइटवर जाणार, पगार मात्र आपणच चालू ठेवायचा. बरोबर ना खडकीकर?

खडकीकर

तात्या, दुसऱ्या साइटचं तर अगदी तंतोतंत घडलंय. १८६७-६८ ची ॲबिसिनियावरची मोहीम. सम्राट थिओडोरने काही युरोपियन लोकांना कैदेत टाकलं म्हणून मुंबई फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर फौज, खेचरं आणि चक्क हत्ती घेऊन मुंबईहून तांबड्या समुद्रापलीकडे गेला. या भांडणाशी इथल्या शेतकऱ्याचा काय संबंध? लंडनने उत्तर काढलं, की जादा खर्च ब्रिटन देईल, पण त्या पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानने देतच राहावा, तो तर एरवीही द्यावाच लागला असता!

१८५८ च्या कायद्यात ५५ वं कलम होतं. सरहद्दीबाहेरच्या मोहिमेवर हिंदी महसूल खर्चायचा तर, आक्रमण परतवण्याचा अपवाद सोडून, पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संमती हवी. संमती घेतली आणि दिली. हिंदी माणसाची नव्हे, पार्लमेंटची. त्या चर्चेत लॉर्ड क्रॅनबोर्न (पुढे पंतप्रधान झालेला सॉल्सबरी) बोलून गेला, की हिंदुस्थान म्हणजे पूर्वेच्या समुद्रातली इंग्रजांची बराक, हवे तेवढे सैनिक फुकट काढा, असं कोणी समजू लागलं तर ते मला पसंत नाही. बोलला छान. पुढे स्वतःच्या कारकिर्दीत, १८९६ मध्ये, सुदानातल्या सुआकीनला हिंदी पलटण पाठवली तेव्हा नेहमीचा खर्च पुन्हा हिंदुस्थानवरच टाकला. व्हाइसरॉय एल्गिनच्या सरकारने निषेध नोंदवला, उपयोग शून्य.

उलट १८७८ मध्ये डिझरेलीने रशियाला दम द्यायला सुमारे ७ हजार हिंदी सैनिक माल्टाला नेले, त्याचे पैसे ब्रिटनने दिले. युरोपातलं काम असलं की पाकीट निघत होतं.

ऑकलंडहून_अवी

धागा आवडला. न्यूझीलंडचा उल्लेख आलाय तर तिथली गंमत सांगतो, इथे राहून थोडंफार वाचलंय.

१८६० ला तारानाकीत आणि १८६३ ला वाइकाटोत माओरींशी लढाया झाल्या. जनरल डंकन कॅमरनच्या हाताखाली दहा हजारांच्या आसपास बादशाही सैनिक होते. कॅमरन गव्हर्नर ग्रेशी भांडायचा, कारण त्याचं मत झालं होतं की हे युद्ध वसाहतवाल्यांच्या जमिनीच्या हावेपायी चाललंय आणि मरतायत त्याचे सैनिक. ब्रिटिश ट्रेझरीलाही तेच वाटत होतं. युद्धामुळे ऑकलंडच्या व्यापाऱ्यांची चांदी, बिल लंडनला. तेव्हा लंडनने सांगितलं, यापुढे माणशी वर्षाला ४० पौंड द्या.

नोव्हेंबर १८६४ मध्ये फ्रेडरिक वेल्ड मुख्यमंत्री झाला. त्याने पदभार घेतानाच अट घातली: सगळी बादशाही फौज परत न्या, आम्ही आमचं बघतो. 'स्वावलंबनाचं धोरण' म्हणतात त्याला. ही खडकीकरांची 'नको'. आणि ती चालली!

पण पुढे १८६८-६९ मध्ये टिटोकोवारू आणि ते कूटी या माओरी नेत्यांनी वसाहतीला जेरीस आणलं तेव्हा हेच लोक लंडनला विनवायला लागले, की शेवटची एक पलटण तरी राहू द्या. वसाहतमंत्री ग्रॅनव्हिलने साफ नकार दिला. १८ वी रॉयल आयरिश पलटण १८७० च्या सुरुवातीला गेली.

आणि एक राहिलंच. वेल्डच्या स्वावलंबनाचे पैसे आले कुठून? १८६३ च्या कायद्याने 'बंडखोर' माओरींच्या जमिनी जप्त केल्या, एकट्या वाइकाटोत दहा लाख एकरांहून जास्त. त्या विकून युद्धाचं कर्ज फेडायचा बेत होता. 'नको' म्हणायचा हक्क गोऱ्या वसाहतवाल्यांना मिळाला, बिल माओरींना गेलं. तेव्हा स्वराज्य असलेली वसाहत आणि हिंदुस्थान अशी तुलना करताना त्या स्वराज्यात कोण कोण नव्हतं हेही धरा.

खडकीकर

अवी, हा मुद्दा लाखमोलाचा. मूळ लेखात नव्हता.

हिशेबनीस

आता जरा आकडे. माणशी १० पौंडांचा दर पहिल्या दहा वर्षांपुरता होता. नंतर 'प्रत्यक्ष खर्च किती' यावर वर्षानुवर्षं घोळ चालला आणि १८९०-९१ पासून साडेसात पौंड ठरला. ऐकायला सवलत वाटते.

पण रुपया चांदीचा, बिल सोन्यात. १८६० च्या दशकात रुपया साधारण २ शिलिंगांचा, म्हणजे १० पौंड म्हणजे १०० रुपये. चांदी घसरत गेली. १८९४-९५ ला रुपया जेमतेम १३ पेन्सांवर आला. साडेसात पौंड म्हणजे १८०० पेन्स, भागिले १३. सुमारे १३८ रुपये. दर पावपट उतरला आणि रयतेचा बोजा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चढला. आणि हा रुपया सारावसुलीतून येतो.

याच काळात देशी शिपायाचा महिन्याचा पगार ७ रुपये होता, १८९५ ला ९ झाला. त्यातून तो स्वतःचं पोटही भरायचा. एका गोऱ्याच्या नुसत्या भरती-शिक्षणाच्या आकारात देशी शिपायाचे दीड वर्षाचे पगार निघाले असते.

मुक्ता_वि

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून मुद्दाम दुसरी बाजू मांडते.

एक, समुद्र. हिंदुस्थानच्या किनाऱ्याचं आणि व्यापाराचं रक्षण ब्रिटिश आरमार करत होतं आणि त्याचा मोठा भार ब्रिटिश करदात्यावर होता. आपण देत होतो ती रक्कम किरकोळ.

दोन, रशिया खरोखरच पुढे सरकत होता. ताश्कंद १८६५, समरकंद १८६८, मर्व १८८४. ही कोणाची कल्पना नव्हती.

तीन, पेशव्यांच्या किंवा शिंद्यांच्या काळात महसुलाचा किती भाग फौजेवर जात होता? स्वकीयांचं राज्य असतं तर फौज फुकट आली असती का?

खडकीकर

तिसऱ्या मुद्द्याला आधी उत्तर. फुकट आली नसती, पण पैसा इथेच फिरला असता. गोऱ्या सोजिराचं पेन्शन ब्रिटनमधल्या कुठल्याशा गावातल्या दारूच्या गुत्त्यात खर्च व्हायचं.

रशियाचं म्हणाल तर १८७९ च्या ईडन आयोगाने रशियाचा विचार करूनच सांगितलं होतं, की ६० हजार गोरे आणि १ लाख २० हजार देशी पुरेत. १८८५ मध्ये अफगाण सरहद्दीवर पंजदेहला रशियन आणि अफगाण फौजांची चकमक झाली आणि लगेच सुमारे १० हजार गोरे, २० हजार देशी वाढवले. त्याच डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ७२ प्रतिनिधी, अतिशय राजनिष्ठ मंडळी, आणि तरी पाचवा ठराव याच लष्करी वाढीविरुद्ध. पाठिंबा दिला दिनशा वाच्छांनी.

मग १८९९-१९०० ला काय झालं? बोअर युद्धासाठी आणि चीनमधल्या बंडासाठी इथून हजारो सैनिक बाहेर गेले. रशिया आला? नाही. गोखल्यांनी कायदेमंडळात नेमकं हेच बोट ठेवलं: एवढे सैनिक बाहेर पाठवूनही देश सुरक्षित राहतो, तर तेवढे सैनिक हिंदुस्थानच्या गरजेपेक्षा जास्त आहेत. ते साम्राज्याचं राखीव दल आहे. त्याचा खर्च साम्राज्याने करावा.

आरमाराचा मुद्दा मान्य. त्यात दम आहे. फक्त ते आरमार हिंदुस्थान नसता तरी इंग्लंडने ठेवलंच असतं.

मुक्ता_वि

शेवटचं वाक्य सिद्ध करता येणार नाही, पण पुढे चला. वेल्बी आयोगाचं कोणी सांगेल का?

सदाशिवपेठी

मी सांगतो. १८९५ ला लॉर्ड वेल्बीच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला शाही आयोग बसला. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद. १८९७ मध्ये हिंदी साक्षीदार लंडनला गेले: वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रमण्य अय्यर आणि पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे फर्ग्युसनचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले. वय पुरतं ३१ सुद्धा नाही. पाठीमागे तयारी न्यायमूर्ती रानड्यांची आणि गणेश व्यंकटेश जोशींची. जोशी हे सरकारी शाळेतले मास्तर, पण सरकारी अहवालातले आकडे त्यांच्याइतके कोणी पिंजून काढले नव्हते. गोखल्यांचं नाव झालं, जोशी आज किती जणांना माहीत आहेत?

उलटतपासणी कसून झाली, गोखले डगमगले नाहीत. अहवाल यायला १९०० उजाडलं. बहुमताने थोडीशी सवलत सुचवली: माणशी आकारातला, एडनच्या तळाच्या आणि इंडिया ऑफिसच्या खर्चातला काही भाग ब्रिटनने उचलावा. दादाभाई आणि वेडरबर्न, केन हे आणखी दोन सभासद यांनी वेगळा अहवाल दिला. चाळीस वर्षं भांडून वर्षाला अडीच-तीन लाख पौंडांच्या आसपासची सूट!

पुणेरी_पाटी

आणि त्याच दौऱ्यात गोखल्यांनी प्लेगच्या सोजिरांबद्दल विधान केलं आणि परत आल्यावर माफी मागितली, त्याचं काय? टिळक...

सदाशिवपेठी

कृपा करून इथे नको. त्या विषयावर निदान चार धागे आहेत आणि चारही शेकडा पार गेलेत.

वऱ्हाडी_ठेचा

तुम्ही लोक लंडन-ऑकलंडले जाऊन आले, अन् आमचं वऱ्हाड विसरले!

पेशव्यांनी १८०२ च्या वसईच्या तहात ६ हजारांची तैनाती फौज घेतली आणि तिच्यापायी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. निजामाचं प्रकरण त्याहून वस्ताद. त्याच्याकडे करारातली तैनाती फौज होतीच. शिवाय रेसिडेंट (निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा वकील) हेन्री रसेलच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांची आणखी एक फौज उभी राहिली, तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट. कोणत्या तहाने ती निजामावर लादली, याचं धड उत्तर नव्हतं. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. तिचे पगार भागवायला पामर कंपनी या सावकारी पेढीचं जबर व्याजाचं कर्ज. थकबाकी चाळीस लाखांच्या वर गेली तेव्हा डलहौसीने १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख लिहून घेतला. दिवाण सिराज-उल-मुल्क तहानंतर काही दिवसांतच वारला.

१८६० ला बाकीचं परत दिलं, वऱ्हाड ठेवलं. का? अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव यायचाच होता, आणि नंतर तर सोडायचा प्रश्नच नव्हता. निजामाचा पुढचा दिवाण पहिला सालारजंग याने वऱ्हाड परत मिळावं म्हणून लंडनपर्यंत धडपड केली. शेवटी १९०२ ला कर्झनने वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला. आणि ज्या कंटिंजंटसाठी हे सारं, ती फौज त्याच सुमाराला हिंदी लष्करात विलीन! फौज गेली, मुलूख आला नाही.

वसाहत म्हणा की संस्थान म्हणा, 'नको' न म्हणता येणं तेच.

निशिगंध

सगळी चर्चा 'लष्करी खर्च कमी करा' या अंगाने चाललीय, तर एक आठवण करून द्यावीशी वाटते. मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. कोरेगाव स्तंभावरची नावं वाचा. फौजेत शाळा होती, पेन्शन होतं, गावकीच्या कामातून सुटका होती. दापोलीला पेन्शनर सैनिकांची अख्खी वस्ती होती. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढाऊ जाती'चं खूळ आलं आणि महारांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास त्याविरुद्ध अर्ज तयार केला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी तीच मागणी लावून धरली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचं घर याच जगातलं.

गोखले, वाच्छा यांचे आकडे चूक नव्हते. पण पुण्या-मुंबईच्या सभांमध्ये ज्याला नुसता बोजा म्हटलं गेलं, त्यातला एक तुकडा काही घरांसाठी एकमेव दार होता. आणि बोजा कमी न करताच ते दार बंद झालं.

खडकीकर

निशिगंध, गोखल्यांच्या बाजूने एवढंच म्हणेन, की त्यांचा मुख्य रोख गोऱ्या पलटणींवर होता आणि हिंदी लोकांना लष्करात वरच्या जागा द्या ही मागणीही काँग्रेस करत होती. पण वरच्या जागा कोणत्या घरांतल्या मुलांसाठी, हा तुमचा प्रश्न उरतोच.

तळेगावचा_तात्या

अमेरिकेचं कोणी काढलं नाही अजून.

ऑकलंडहून_अवी

काढतो, पण थोडक्यात. फ्रेंचांशी युद्ध १७६३ ला संपलं तरी ब्रिटनने तिथे दहा हजारांच्या आसपास फौज ठेवायचं ठरवलं. पैशासाठी १७६५ चा स्टॅम्प कायदा, आणि त्याच वर्षी सैनिकांना निवारा, सरपण, मीठ, बिअर वसाहतींनी पुरवावी असा कायदा. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने हात आखडता घेतला, तर १७६७ मध्ये पार्लमेंटने ते मंडळच स्थगित करायचा कायदा केला. पुढचं ठाऊक आहे. १८६० च्या दशकात लंडनने गोऱ्या वसाहतींशी मवाळपणे बोलायचं ठरवलं त्यामागे ती जुनी जखम होतीच.

मुक्ता_वि

मग हिंदुस्थानात १९१९ नंतर तरी काही बदललं का? कायदेमंडळं आली, मतदान आलं.

हिशेबनीस

मतदान आलं, लष्करी खर्चावर नाही. १९१९ च्या कायद्याने तो मताला टाकायचाच नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर माणशी आकारही भरमसाट वाढवून मागितला गेला. १९३२ मध्ये वाद ऑस्ट्रेलियाच्या सर रॉबर्ट गॅरन यांच्या अध्यक्षतेखालच्या लवादाकडे गेला, त्यात शादीलाल आणि शाह मुहम्मद सुलेमान हे दोन हिंदी न्यायाधीश होते. परिणाम म्हणजे १९३३ पासून ब्रिटन हिंदुस्थानच्या संरक्षणखर्चात वर्षाला १५ लाख पौंड द्यायला लागलं. लवादाचा अध्यक्ष अशा देशाचा, ज्याने साठ वर्षांपूर्वी आपल्याकडच्या पलटणी परत जाताना पाहिल्या होत्या.

खरा उलटफेर १९३९ च्या करारात. शांतताकाळातला नेहमीचा खर्च आणि हिंदुस्थानच्या स्वतःच्या हिताचा युद्धखर्च आपला, बाकीचा ब्रिटनचा. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आपलं कर्जदार झालं, युद्ध संपता संपता ही रक्कम १३० कोटी पौंडांच्या आसपास. चर्चिलचं म्हणणं, आम्ही तुमचं रक्षण केलं, त्याचं उलट बिल लावा! ते काही लागलं नाही. या रकमेच्या वाटाघाटीत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, रोह्याच्या बाजूचे.

मुक्ता_वि

म्हणजे शेवटी जिंकलो?

हिशेबनीस

कागदावर. ते पौंड लंडनच्या खात्यात अडकलेले होते. त्यांच्या तारणावर इथे नोटा छापून धान्य, कापड, माणसं उचलली गेली, महागाई भडकली, आणि १९४३ ला बंगालात लाखो माणसं मेली. करार झाला तेव्हा काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं 'आम्हाला न विचारता युद्धात ओढलंत' म्हणून राजीनामे देत होती. सही करणारं हिंदुस्थान सरकार तेच, १८६१ चं.